नागोराव सरांचा मासा

नागोराव सरांच्या शोकसभेत हबीबनं जे केलं, त्यावरून लोह्यातली निम्मी माणसं अजून त्याच्यावर डूख धरून आहेत.

सभा शाळेच्या पटांगणातच होती. सरांचा जुना विद्यार्थी उत्तम, जो आता नांदेडला वकिली करतो, तो बोलायला उभा राहिला. वकीलच तो, बोलला पण झकास. शेवटी आवाज चढवून म्हणाला, "लकवा मारलेल्या हातानं आमच्या सरांनी मालवणच्या खाडीतून हा एवढा मासा बाहेर काढला!" आणि दोन्ही हात फाकवले. बाया डोळ्याला पदर लावून राहिल्या. तेवढ्यात मधल्या रांगेतून हबीब उठला. बसस्टँडजवळ बॅटऱ्यांचं दुकान आहे ना, तोच हबीब. म्हणाला, "माफ करना उत्तमभाई, वो मासा बाद था. सर का मासा इत्ता था." आणि एक बोट वर करून दाखवलं. नुसतं बोट!

झालं. "मयताच्या सभेत असं बोलतात का?" "अक्कल हाय का ह्याला?" कुणी त्याचा सदरा धरून खाली ओढायला लागलं. उत्तम मात्र थोडा वेळ तसाच हात फाकवून उभा राहिला, मग हात खाली घेतले, "बरोबर हाय" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. आणि मी? खोटं कशाला बोलू, माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटते की काय वाटलं. ज्या हबीबनं जन्मात एका माशाची लांबी खरी सांगितली नाही, तो त्या दिवशी भरसभेत खरं बोलत होता. पण हे लोकांना कोण सांगणार? म्हणून लिहायला बसलो. मी गणिताचा मास्तर, भाषा बेतास बात. गोड मानून घ्या.

नागोराव सर आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. काळासावळा, काटक माणूस. गळ्यात शिटी आणि खांद्यावर दस्ती, म्हणजे आपला चौकड्याचा मोठा रुमाल. शिटी लग्नातसुद्धा गळ्यात असायची. पोरं त्यांना मागं 'बाद सर' म्हणायची, कारण तो शब्द त्यांच्या तोंडात सदा तयार. खेळात तर बादच, पण वर्गात खोटं कारण सांगणारं पोरगं बाद, रोखीला उधारीचा भाव लावणारा भाजीवाला बाद, आणि स्नेहसंमेलनात संथ सायकल स्पर्धेत ज्यांचा पाय हळूच जमिनीला टेकला ते आमचे हेडमास्तर, तेही बाद. हेडमास्तर सायकलवरून उतरले ते थेट ऑफिसात गेले. सरांनी पुढच्या स्पर्धकाला शिटी दिली. मी म्हणालो, "अहो, त्यांच्या हातात तुमचा गोपनीय अहवाल हाय." तर म्हणाले, "पाय तर जमिनीवर होता ना, कदम सर?"

जळकोटची गोष्ट मात्र लोह्यानं लई वर्षं मनात ठेवली. तिथल्या जत्रेत कबड्डीचे सामने व्हायचे. त्या वर्षी आमच्या शाळेचा संघ अंतिम सामन्यात आला आणि समोर खुद्द जळकोट. नेमका पंच आलाच नाही. आता काय करायचं? तर जळकोटची माणसं आपणहून म्हणाली, "तुमचे नागोराव सर असतील तर आम्हाला चालतंय." समोरच्या संघाचा मास्तर पंच! असं कुठं ऐकलंय का? मला त्या वेळी आनंद झाला, कारण मला वाटलं चला, निदान अन्याय तर होणार नाही आपल्यावर.

शेवटची चढाई उत्तमची. हो, तोच उत्तम, वकील. दोन गडी मारून पठ्ठ्या परत आला, आमची पोरं मैदानात घुसली, कुणी ढोल वाजवायला सुरुवात केली. आणि शिटी वाजली. "उत्तम, बाद. पायाचा अंगठा रेषेबाहेर गेला."

कुणालाच दिसला नव्हता हो तो अंगठा! जळकोटवाल्यांनासुद्धा नाही. आम्ही हरलो. पोरं रडली, एकानं तर सरांच्या अंगावर मुठीनं माती फेकली. जळकोटवाले हार घेऊन आले, तर सर म्हणाले, "पंचाला हार घालत नसतेत, जावा." पोरांनी टेम्पोत त्यांना जागा दिली नाही. ते एसटीनं आले आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी मैदानावर हजर. त्याच पोरांना चढाईत बाजूच्या रेषेजवळ पाय कसा वळवायचा ते शिकवत होते. मी तापलोच होतो. म्हणालो, "तुम्हाला एकट्याला दिसलं. गप बसला असता तर?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काही मी दोन आणि दोन पाच म्हणालो. "मला दिसलं ना पण."

आता मासेमारी. आमच्याकडं लिंबोटीचं धरण आहे. रविवारी आम्ही तिघं तिथं गळ टाकून बसायचो, सर, हबीब आणि मी. मी आपला गप्पांसाठी. आमिष म्हणजे शांतावहिनींनी मळलेला कणकेचा गोळा, आत हिंग. वहिनी मळायच्या आणि बोलायच्या, "नवऱ्याला पोळ्या लाटाव्यात, तर मी माशांसाठी मळून राहिले." पण गोळा असा घट्ट मळायच्या की पाण्यात लवकर सुटायचा नाही. पोचल्या पोचल्या हबीब धरणाचं पाणी ओंजळीनं पिणार, मग बसणार, हा त्याचा रिवाज. आणि सरांचा एकच नियम. गळाला मासा लागला की ज्याचा त्यानं काढायचा. दुसऱ्या कुणाचा दोरीला, काठीला, जाळीला हात लागला की मासा बाद.

एकदा भला मोठा रोहू लागला होता सरांना. काठावर आणता आणता घसरायला लागला, तर हबीबनं न राहवून खाली उडी टाकली आणि कल्ल्यात बोटं घालून धरला. सर म्हणाले, "बाद. घेऊन जा तू." हबीब नाही नाही म्हणत होता. शेवटी घेऊन गेला आणि त्याच्या घरी मोहल्ला जेवला. सर घरी रिकाम्या हातानं. वहिनी दारातच म्हणाल्या, "ह्यांचं इमान शिजवू का आता भातासंगं?" सर म्हणाले, "शिजव, पण मीठ बेतानं टाक." आणि स्वतःच खो खो हसले.

मासे धरणारी माणसं कशी असतात, तुम्हाला ठाऊकच आहे. हबीबचा मासा पाण्यातून निघताना वीतभर असायचा, तहसील चौकात पोचेपर्यंत हातभर व्हायचा आणि शुक्रवारी नमाजानंतर त्याला उचलायला दोन माणसं लागायची. नागोराव सरांचं उलट. ते दोन्ही हातांनी लांबी दाखवायचे आणि दाखवता दाखवता हात जवळ आणायचे. "एवढा. न्हाई, थोडा कमीच. एवढा." मला आधी हे नाटक वाटायचं. पुढं कळलं की माणूस आतल्या आत मोजून राहिलाय आणि जास्तीचं एक बोटसुद्धा त्याला आपल्या नावावर नको आहे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सरांना लकव्याचा झटका आला. देवाची कृपा, बोलणं राहिलं, चालणंही काठीच्या आधारानं सुरू झालं. पण उजवा हात गेला. खांद्यातून थोडा हलायचा, बोटांनी काही धरता यायचं नाही. आम्ही त्यांना लिंबोटीला नेलं. हबीबनं गळाला आमिष लावलं, मी दोरी फेकली आणि काठी सरांच्या डाव्या हातात दिली. मासा लागला, त्यांना काढता येईना, हबीबनं ओढला. सर तसेच उठले आणि गाडीत जाऊन बसले. त्यानंतर धरणाचं नाव काढू देईनात. वहिनी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, ह्यांना कुठंतरी न्या. दिवसभर भिंतीला तोंड करून पडतेत. जेवतेत ते बी मी म्हणते म्हणून." वहिनींचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता.

समुद्राची कल्पना हबीबची. त्यानं मोबाईलवर बघून ठेवलं होतं. मालवणकडं खाडीत होडी घेऊन माहीतगार नाखवा दिवसभर मासेमारी करवतो, सामान त्याचं. काठीला चरक असतो. दोरी फेकायला जोर लागत नाही, होडीतून नुसती खाली सोडायची, आणि मासा लागला की चरक फिरवून गुंडाळायची. एका हाताचं काम. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येतो. पण कुणी हात लावायचा न्हाई. माझ्या एकट्याच्या हातानं एक मासा निघाला तर पुढच्या रविवारपासून लिंबोटी चालू. न्हाई निघाला, तर माझी गळाची काठी हबीबनं न्यावी आणि पुन्हा माझ्यापुढं माशाचं नाव काढू नये." हबीब "अल्ला मालिक" म्हणाला. मला मात्र आपण ह्या माणसाला बरं करायला नेतोय का कायमचं बसवायला, तेच कळेना.

लातूरवरून, सोलापूरवरून, कोल्हापूरवरून आमची वरात मालवणला पोचली. नाखव्याचं नाव जगन्नाथ, माणूस आमच्यापेक्षा तरुण, पण केस पिकलेले, बोलायला मोकळा. "खंयसून इलास?" म्हणाला. लोहा म्हटल्यावर त्याला काही बोध झाला नाही. वहिनींनी सोबत दिलेला कणकेचा डबा मी उघडला, तर हिंगाचा वास घेऊन तो इतका हसला की होडी हलली. "गुरुजी, ह्या पिठाक खाडयेत कोण तोंड लावचो नाय. हंय सुंगटा लागतत." सुंगटं म्हणजे कोळंबी. डबा मी गुपचूप बाकाखाली सरकवला. होडी सुटली आणि हबीबनं सवयीनं ओंजळभर पाणी घेतलं आणि प्याला. त्यानंतरचा त्याचा चेहरा! थू थू करत म्हणाला, "या अल्ला, इत्ता बडा धरण और एक घोट काम का नहीं!" झटक्यानंतर पहिल्यांदा सर पोटातून हसले.

मी जगन्नाथला नियम समजावून सांगितला. त्याला काही तो पटला नाही. "जाळी तरी धरूक व्हयी मा?" नाही. जाळीसुद्धा नाही. त्यानं खांदे उडवले.

सरांनी गळ्यातली शिटी पाठीवर टाकली. खांद्यावरची दस्ती काढली, उजवा हात काठीवर ठेवला आणि डाव्या हातानं आणि दातांनी गाठ मारून तो हात काठीला बांधून टाकला. काठीचं बूड पोटाशी रोवलं. मी बघितलं तसे म्हणाले, "कामून बघता? दस्ती माझीच हाय."

सकाळ अशीच गेली. हबीबला एक दोन काटेरी मासे लागले. सरांची कोळंबी कुणीतरी खाऊन जायचं, गळ रिकामा. आमिष मात्र तेच लावायचे. गळ दोन गुडघ्यांत दाबायचे आणि डाव्या हातानं कोळंबी ओवायचे. किती वेळा बोटाला टोचलं, बोट तोंडात घातलं, पुन्हा लावलं. माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसलो.

भरतीचं पाणी चढायला लागलं तशी जगन्नाथनं होडी खडकांजवळ नेली. आणि सरांची काठी जी वाकली, टोक पाण्यात! सर पुढं ओढले गेले. "तांबोशी!" जगन्नाथ ओरडला. "काकानू, सैल सोडा, सैल!" सरांनी सैल सोडली, मग गुंडाळली, पुन्हा सोडली. मान ताठली, ओठ पांढरे पडले, घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायला हात नव्हता. मासा होडीखाली गेला, काठी फिरली, सर तिच्यासंगं बाकावर फिरले. हबीब दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत अडकवून नुसता नाचत होता, "सर! सर! सर!" मी काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. शेवटी लालभडक, सरांच्या हाताएवढी तांबोशी पाण्यावर आली. जाळी सरांनी डाव्या हातानं, स्वतः घातली आणि ओढून होडीत आडवी केली.

अहो, काय सांगू! हबीबनं माझी मान धरून मुका घेतला. जगन्नाथनं टाळ्या वाजवल्या, "काकानू, मानलंय तुमका!" हबीबनं मोबाईल काढून फोटोसुद्धा घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी. लिंबोटी चालू, वहिनींना काय सांगू आणि काय नको, असं झालं.

सर धापा टाकत होते. मग त्यांनी डाव्या हातानं पाठीवरची शिटी पुढं ओढली, तोंडात धरली आणि वाजवली. खाडीत! "बाद," म्हणाले.

"काय बाद? कुणी हात लावला?" मी भडकलोच.

"हात न्हाई. होडीखाली मासा गेला तवा काठीचं बूड सुटलं होतं. तुमच्या गुडघ्याला अडलं म्हणून राहिलं, कदम सर."

मला कळलंसुद्धा नव्हतं. शपथेवर सांगतो, त्या गोंधळात बैल अंगावर आला असता तरी मला कळलं नसतं. हबीबनं बघितलं नव्हतं, जगन्नाथनं बघितलं नव्हतं. मी पँट वर करून बघितली, गुडघ्यावर लाल वळ होता. हबीब गयावया करायला लागला, "नक्को सर, ऐसा नक्को बोलो. गुडघा कोण मोजता जी?" मी म्हणालो, "तुमच्यासाठी नाही, वहिनींसाठी तरी मोजा हा." ह्यावर ते खाली बघायला लागले. त्यांना काय दिसत होतं ते मला कळत होतं. ती भिंत, ती खाट. त्या माणसाला तो मासा आमच्या तिघांपेक्षाही जास्त पाहिजे होता हो! पण मान वर केली तेव्हा एवढंच म्हणाले, "मला दिसलं ना पण." आणि जगन्नाथकडं वळून, "नाखवा, अजून वेळ हाय का?"

वेळ होता, पण कोळंबी संपली होती. जगन्नाथ म्हणाला, आता किनाऱ्याक जावया. तेव्हा मला बाकाखालचा डबा आठवला. मी तो सरांच्या पुढ्यात ठेवला. डबा ठेवणं नियमात बसतं का, असं त्यांनी क्षणभर बघितलं, आणि बसत असावं. जगन्नाथनं दिलेला बारका गळ गुडघ्यांत धरून त्यांनी वहिनींच्या कणकेची गोळी लावली आणि पाण्यात सोडली. ह्या वेळी मी होडीच्या पार दुसऱ्या टोकाला, हबीबच्या मांडीवर म्हणा ना, जाऊन बसलो.

ऊन कलायला लागलं. वहिनींची गोळी पाण्यात तशीच टिकून होती म्हणायची. मग काठीचं टोक जरासं, अगदी जरासं हललं. सरांनी चरक फिरवला, घाई नाही, गडबड नाही. आणि वर आलं काय? बोटाएवढं पालू माशाचं पिल्लू. चांदीसारखं, वळवळतंय.

जगन्नाथला हसू आवरेना. पण सरांनी ते पिल्लू तळहातावर घेतलं, गळ सोडवला, आम्हा तिघांकडं एकेक करून बघितलं, कुणाचं काही लागलं होतं का ते आठवलं, आणि म्हणाले, "हा धरला. मान्य. हबीब, फोटो काढ."

त्या फोटोत सरांची मान अशी ताठ आहे की बघत राहावं. फोटो झाल्यावर "लहान हाय, वाढू द्या" म्हणून पिल्लू पाण्यात सोडलं. तांबोशी जगन्नाथच्या घरी शिजली आणि सरांनी ती बोटं चाटून खाल्ली. मी टोमणा मारला, "बाद मासा चालतो होय?" तर म्हणाले, "बाद झालेलं पोरगं जेवत न्हाई का, कदम सर?"

लोह्याला आल्यावर लोक हसले. एवढं पेट्रोल जाळून बोटाएवढा मासा! हबीबनं न राहवून तांबोशीचा फोटो दोघा-तिघांना दाखवला होता, तो गावभर फिरला, उत्तमच्या मोबाईलपर्यंत गेला, म्हणून तर शोकसभेत तो घोटाळा झाला. पण सर स्वतः भेटेल त्याला पिल्लाचाच फोटो दाखवायचे. आणि पुढच्या रविवारी पहाटे वहिनींनी कणीक मळली. मला फोनवर म्हणाल्या, "भावजी, सकाळपासून शिटी वाजवून राहिलेत घरात. घेऊन जावा ह्यांना लवकर." फोन ठेवताना त्या हसत होत्या का रडत होत्या, मला नक्की सांगता येणार नाही.

नंतर मी लातूरला मुलाकडं राहायला गेलो. सरांना शेवटचं बघितलं ते एका दिवाळीत, लिंबोटीवरच. मी काठावर पोचलो तेव्हा त्यांना मासा लागलेला होता. हबीब लांब उभा, हात आपोआप पाठीमागं. दस्तीनं बांधलेला हात, दातात शिटी, आणि सर एकटे काढून राहिलेत. चांगला रोहू निघाला. मी धावत गेलो. "सर, केवढा हो!"

तोवर एक मुलगी आणि तिचे वडील रस्त्यावर गाडी थांबवून बघायला खाली आले. रोहू पिशवीत गेला होता. वडिलांनी विचारलं, "केवढा होता, काका?" सरांनी सवयीनं दोन्ही हात उचलायला घेतले. डावा आला, उजवा आला नाही. मग माझ्याकडं बघितलं. "कदम सर, तिकडून तुमचा हात लावा."

मी हात लावला. अभिमानानं चांगला लांब लावला.

"आत घ्या."

घेतला.

"अजून आत."

त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि हळूहळू आपल्याकडं ओढत आणलं. बोटं थंड होती, पाण्यातली. मग मनगट सोडलं, आपला तळहात माझ्या तळहातासमोर उभा केला, डोळे बारीक करून मधली जागा बघितली आणि माझा हात आणखी बोटभर आत सरकवला.

"हां," ते त्या माणसाला म्हणाले. "आता बराबर."